लांब आणि सरळ : नवशिक्यांसाठी गोल्फ स्विंगचे धडे

गोल्फ शिकायला सुरुवात करण्याचं योग्य वय दोन वर्षं. टायगर वुड्स त्याच वयात, 1978 साली, अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात क्लब फिरवताना दिसला होता. तुम्ही त्या साली तिसरीत असाल आणि तेराचा पाढा घोकत असाल, तर आता हळहळून उपयोग नाही. आपल्याकडे गोल्फची सुरुवात वयावर ठरतही नाही, हुद्द्यावर ठरते. माणूस ब्रिगेडियर झाला, कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट झाला, किंवा हाडांच्या डॉक्टरांनी बॅडमिंटन बंद करायला सांगितलं, की गोल्फ सुरू होतं. गोल्फरांच्या दुखण्यांत कंबरेचा नंबर बराच वर लागतो, हे डॉक्टरांना माहीत असतं. पण ते स्वतः खेळत असतात आणि त्यांना चौथा भिडू हवा असतो.

हे धडे अशा उशिरा आलेल्या, पण मनापासून आलेल्या माणसासाठी आहेत. ते नीट गिरवले तर ड्राइव्ह लांब जाईल, आणि सरळही जाईल. दोन्ही एकाच फटक्यात होईल असं आम्ही म्हटलेलं नाही.

कुठे शिकावं

ब्रिटनच्या बाहेर टिकून राहिलेला जगातला सगळ्यात जुना गोल्फ क्लब आपल्याच देशात आहे, कोलकात्याला, 1829 सालचा. मुंबईत 1842 साली क्लब निघाला. म्हणजे खेळ आपल्याकडे येऊन जवळजवळ दोनशे वर्षं झाली आणि अजून फेअरवेवर फारसा पोचलेला नाही. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचा कोर्स आहे, मुंबईत चेंबूरला आहे. पण सभासदत्वाची रांग अशी असते की अर्ज वडिलांनी करावा आणि फटका मुलाने मारावा. घाई असेल तर सिडकोने खारघरला डोंगराच्या पायथ्याशी कोर्स बांधला आहे; तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून चेंडू हरवता येतात.

नाशिककरांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. त्यांच्या गावात मध्यवर्ती भागात गोल्फ क्लब मैदान आहे. तिथे सकाळी हजारो पावलं चालली जातात, रणजीचे सामने झाले आहेत, आणि ‘गोल्फ क्लबवर भेटू’ म्हटलं की लोक चालायचे बूट घालून येतात. त्या मैदानावर आज कोणाचाही ड्राइव्ह वाकडा जात नाही. शिस्तीचा प्रश्न असेल तर आम्ही नाशिककरांचं उदाहरण देतो.

धडा पहिला : साहित्य

नियमाने पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. नवशिक्याने पूर्ण 14 ठेवावेत, कारण पिशवी त्याला उचलायची नसते. त्यातला सगळ्यात लांब, सगळ्यात महाग आणि सगळ्यात दुष्ट क्लब म्हणजे ड्रायव्हर. त्याचं डोकं 460 घन सेंटिमीटरपेक्षा मोठं असू नये असा नियम आहे. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर, आणि याहून लहान चेंडू चालत नाही. एवढ्या मोठ्या डोक्याने एवढा चेंडू, तोही जागचा न हलणारा, चुकवणं अवघड वाटेल. सरावाने जमतं.

कंपन्या वर्षा-दोन वर्षांनी नवा ड्रायव्हर बाजारात आणतात आणि तो जुन्यापेक्षा दहा यार्ड लांब जातो असं सांगतात. जुनाही त्याच्या आधीच्यापेक्षा दहा यार्ड लांब जात होताच. हा हिशोब तुमचे आजोबा गोल्फर होते असं धरून मागे नेला, तर त्यांचा चेंडू टीवरून मागच्या दिशेने जात असला पाहिजे. तरीही नवा ड्रायव्हर घ्यावा. पहिले दोन आठवडे चुका क्लबच्या नावावर जमा होतात, एवढी सोय 40-50 हजारांत दुसरीकडे मिळत नाही.

धडा दुसरा : पकड

क्लब दोन हातांनी धरायचा. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर आणि उजवा खाली. बोटांचं काय करायचं यावर मात्र तीन पंथ आहेत. उजवी करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमधल्या खाचेवर टेकवायची, हा वार्डन पंथ. हॅरी वार्डनने ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली म्हणून पकडीला त्याचं नाव मिळालं. ती काही त्याने शोधून काढली नव्हती. करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवायची, हा दुसरा पंथ. जॅक निक्लस आणि टायगर वुड्स या पंथातले. दहाही बोटं दांड्यावर ठेवायची हा तिसरा. त्याला बेसबॉलची पकड म्हणतात, आपण विटीदांडूची म्हणायला हरकत नाही. नवशिक्या बहुधा एकाच स्विंगमध्ये तीनही पंथांत दीक्षा घेऊन येतो.

वरून खाली पाहिलं तर डाव्या मुठीची दोन हाडं दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर पकड कमजोर, चेंडू उजवीकडे जाण्याची तयारी झाली. चारही दिसत असतील तर डावीकडची. पकड बघून घ्यायला अर्धा मिनिट पुरतं आणि शिक्षकाच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. म्हणूनच हा भाग कोणी करत नाही.

किती जोरात धरायचं? दहापैकी चार, असं शिक्षक सांगतात. नवशिक्या मात्र एसटीत उभ्याने जाताना वरचा दांडा धरावा तसा क्लब धरतो, आणि तोही वरंधा घाट लागल्यावर. त्याला वाटतं जोर मुठीत असतो. मूठ आवळली की मनगट अडकतं, मनगट अडकलं की क्लबचा वेग जातो आणि शिवाय त्याचं तोंड वेळेवर सरळ होत नाही. म्हणजे एकाच मुठीत लांबीही मारली गेली आणि दिशाही. इतका मोठा परिणाम इतक्या कमी श्रमात गोल्फमध्ये दुसरा कशाने साधत नाही.

धडा तिसरा : उभं राहणं

पाय खांद्यांपेक्षा जरा जास्त रुंद. गुडघे किंचित सैल. वाकायचं कंबरेतून, पाठीतून नाही. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, आणि टी इतकी उंच की निम्मा चेंडू ड्रायव्हरच्या वरच्या कडेच्या वर डोकावेल. बाकीच्या क्लबांनी चेंडूला खाली येता येता मारायचं असतं. ड्रायव्हरने मात्र तळ ओलांडून वर चढता चढता. लांब ड्राइव्हचं मोठं गुपित एवढंच आहे. ते विनामूल्य असल्यामुळे त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

आता चेंडूकडे पाहा. इथे क्रिकेटवर पोसलेल्या माणसाचा घात होतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू अर्ध्या सेकंदात बॅटपाशी येतो. तेवढ्यात विचार करायला सवड नसते, म्हणून तर फटका बसतो. गोल्फचा चेंडू येत नाही. तो बसून राहतो. हवा तेवढा वेळ देतो, आणि त्या वेळात माणूस मनातल्या मनात यादी म्हणायला लागतो : डोकं खाली, डावा हात ताठ, उजवं कोपर अंगाशी, वजन उजव्या पायावर, खाली येताना कंबर आधी, खांदे मागून, आणि मागे उभा असलेला तो बँकवाला कशाला हसला. यादीतल्या या शेवटच्या मुद्द्यावर बहुतेकांचा स्विंग सुरू होतो.

बेन होगनने 1957 साली आपल्या पुस्तकात स्विंग पाच धड्यांत बसवला. त्यात एक काल्पनिक काच आहे : चेंडूपासून निघून तुमच्या खांद्यांवर तिरकी टेकलेली, मधल्या भोकातून डोकं बाहेर. क्लब मागे नेताना हात त्या काचेच्या वर जाता कामा नयेत. उत्तम कल्पना. नवशिक्याची काच पहिल्याच सकाळी फुटते आणि उरलेलं आयुष्य तो तुकडे वेचण्यात घालवतो. उलट जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि खाली येताना भलताच वळसा घेऊन येतो. बघणाऱ्याला काळजी वाटावी असा तो प्रकार आहे. त्याच फ्युरिकने 2016 साली अमेरिकेच्या पीजीए टूरवर एका फेरीत 58 फटके मारून विक्रम केला. हे उदाहरण विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवावं. ते वळसा तेवढा उचलतात.

धडा चौथा : हवेतला फटका

सरावाचा स्विंग प्रत्येकाचा देखणा असतो. खांदे पूर्ण वळतात, कंबर आधी सुटते, क्लब सुस्कारा टाकत जातो, शेवटी माणूस डाव्या पायावर तोल सांभाळून छायाचित्रासाठी उभा राहतो. मग तो एक पाऊल पुढे सरकतो, चेंडू समोर येतो, आणि तोच माणूस लाकूड फोडायला लागतो.

यातून कधीकधी चेंडूला अजिबात न लागलेला फटका जन्माला येतो. घाबरून जाऊ नका, नियम तुमच्या बाजूने आहेत. ‘फटका’ म्हणजे चेंडूला मारण्याच्या हेतूने पुढे आणलेला क्लब. हेतू असेल तर हवेत गेलेला फटकाही एक म्हणून मोजला जातो. हेतू नसेल तर तो सराव. आणि हेतू कुठे असतो? तुमच्या मनात. तिथे पंच पोचत नाही. गोल्फ हा सद्गृहस्थांचा खेळ आहे, खेळणारा स्वतःच स्वतःवर दंड लावतो, असं जे म्हणतात त्याचा उगम या अडचणीत आहे.

तेव्हा क्लब चेंडूवरून सुखरूप गेला की चेहरा बदलू नका. क्लब जिथे थांबला तिथे थांबू द्या. गवताकडे पाहा. ‘हं’ असं म्हणा. मग पुन्हा नीट उभे राहा. हेच जर टीवरचा चेंडू चुकून क्लब लागून घरंगळला, तर तेव्हाही दंड नाही. पहिला फटका मारेपर्यंत चेंडू खेळात आलेलाच नसतो, उचलून पुन्हा टीवर ठेवायचा. मात्र तो 40 यार्ड घरंगळला असेल तर ‘चुकून’ म्हणताना आवाज जरा दमदार लावा.

धडा पाचवा : स्लाइस

आता मुख्य विषय. नवशिक्याचा चेंडू सरळ निघाल्यासारखा करतो, मध्येच त्याला काही तरी आठवतं आणि तो उजवीकडे, झाडीत, शेजारच्या फेअरवेवर, क्वचित कोणाच्या गाडीच्या काचेवर जातो. याला स्लाइस म्हणतात. बहुसंख्य नवशिक्यांना ती न शिकवता येते.

ती येते कशी? क्लब आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागात आटोपते. क्लब ताशी 145 किलोमीटरने येत असेल तर तेवढ्यात तो दोन सेंटिमीटर सरकतो. तुमची पहाटे साडेचारची उठणी, बूट, शिक्षकाची फी, यूट्यूबवरचे व्हिडिओ, सगळ्याचा निकाल त्या दोन सेंटिमीटरांत लागतो. चेंडू तोंडाच्या मध्यावर लागला असेल तर दिशेपुरत्या दोनच गोष्टी महत्त्वाच्या : क्लबचं तोंड कुठे बघत होतं, आणि क्लब कुठून कुठे चालला होता. चेंडू सुटतो तो मुख्यतः तोंड असेल त्या दिशेने. वळतो तो तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकाने. क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूला कापत आला आणि तोंड त्या वाटेच्या मानाने उघडं राहिलं, की स्लाइस. वळण सोडाच, सुटताना एका अंशाची चूक झाली तरी 230 यार्डांवर चार यार्डांचा फरक पडतो; पाच अंशांत वीस यार्ड, म्हणजे फेअरवे संपला.

जुन्या पुस्तकांत हे नेमकं उलटं छापलेलं आहे : चेंडू वाटेच्या दिशेने सुटतो आणि तोंडाच्या दिशेने वळतो. गेल्या वीसेक वर्षांत रडारची यंत्रं आली, त्यांनी मोजून दाखवलं, आणि जाणत्यांनी मत बदललं. तुमच्या क्लबातले जे काका तुम्हाला स्लाइस समजावून सांगतात त्यांनी अजून बदललेलं नाही. त्यांना रडार दाखवू नका, मैत्री तुटते.

पण क्लब तिरका लागला म्हणून चेंडू हवेत का वळावा? त्याचं उत्तर खळग्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे चेंडू आले. ते गुळगुळीत होते आणि नवेकोरे असताना धड उडत नव्हते. मार खाऊन ओरखडलेले चेंडू मात्र लांब जायचे. स्कॉटिश लोक काटकसरी म्हणून जुने चेंडू वापरत असतील, पण त्यांच्या हे ध्यानात आलं आणि नवे चेंडू मुद्दाम खरवडले जाऊ लागले. आजच्या चेंडूवरचे तीन-चारशे खळगे त्याच वंशातले. खळग्यांमुळे हवेचा अडथळा कमी होतो, आणि मागच्या बाजूला गरगरणारा चेंडू हवेला खाली लोटत स्वतः वर उचलला जातो. म्हणून तो एवढा वेळ तरंगतो. पण गरगरण्याचा आस तिरका झाला की तेच उचलणं बाजूला ओढणं होतं. जे चेंडूला लांब नेतं तेच वाकडं नेतं, आणि दोन्हींतलं एकच मागून घ्यायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

हवाच काढून टाकली तर? तो प्रयोग झालेला आहे. फेब्रुवारी 1971 मध्ये अपोलो 14 चा अॅलन शेपर्ड सहा नंबरच्या आयर्नचं डोकं मोज्यात लपवून चंद्रावर घेऊन गेला, माती उचलायच्या अवजाराच्या दांड्याला ते बसवलं आणि अवकाशपोशाखात दोन्ही हात जुळेनात म्हणून एका हाताने फटके मारले. आधी धूळ उडाली. मग चेंडू थोडा सरकला. ते पाहून ह्यूस्टनहून त्याच्या सहकाऱ्याने ताबडतोब शेरा मारला की स्लाइस दिसते आहे. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे स्लाइस होणं भौतिकशास्त्रात बसत नाही. पण पावणेचार लाख किलोमीटरांवरून दुसऱ्याचा स्विंग सुधारण्याची ऊर्मी कशात बसते ते भौतिकशास्त्राने अजून सांगितलेलं नाही.

धडा पाचवा, पुन्हा

पुन्हा अशासाठी की चेंडू अजून उजवीकडेच जातो आहे.

आता तुम्ही हुशारी करणार. चेंडू उजवीकडे वळतो ना, मग उभंच राहू डावीकडे तोंड करून. सगळेच करतात. पाय डावीकडे, खांदे डावीकडे, आणि आता क्लबही साहजिकच डावीकडे ओढला जातो. तोंड मात्र सवयीने मैदानाच्या मध्याकडे उघडं. म्हणजे वाट आणि तोंड यांच्यातला फरक आणखी वाढला, आणि स्लाइस आणखी वळली. मग आणखी डावीकडे उभे राहा. असं करत करत काही सभासद पंधरा वर्षांत जवळजवळ क्लब हाउसकडे तोंड करून टी-ऑफ करू लागले आहेत. जोर वाढवला तर फळ आणखी लवकर मिळतं : जोर लावायचा म्हटलं की उजवा खांदा सगळ्यांच्या आधी पुढे धावतो, क्लब बाहेर फेकला जातो आणि कापत आत येतो. स्लाइसवरचे जे उपाय माणसाला आपले आपण सुचतात ते सगळे स्लाइसची खतं आहेत.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. चेंडूच्या थोडं मागे आणि पलीकडच्या बाजूला, अंगापासून लांब, क्लबचं रिकामं कव्हर ठेवा. कापत आलात तर क्लब आधी कव्हरला लागेल. कव्हर न हलवता चेंडू मारायचा, अर्ध्या जोराने. खाली येण्याची सुरुवात पायांतून आणि कंबरेतून करायची. मग धड, मग हात, आणि क्लब सगळ्यांच्या शेवटी. अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला खेळाडूंच्या ड्रायव्हरचा वेग ताशी 150 किलोमीटरच्या आसपास असतो. हौशी पुरुषही साधारण त्याच वेगाने क्लब फिरवतो. त्यांचा चेंडू 250 यार्डांच्या घरात जातो, त्याचा बराच आधी झाडीत. त्यांचा चेंडू तोंडाच्या मध्यावर लागतो, वर चढत्या क्लबने लागतो, आणि आधी कंबर फिरते, एवढाच फरक. हे पाहून हौशी पुरुष काय ठरवतो? आपला वेग कमी पडतो आहे. तो जिमला जातो.

कव्हरचा सराव तीन आठवडे केला तर चेंडू सरळ जाऊ लागतो, असं जाणकार सांगतात. तीन आठवडे करणारा जाणकारांना क्वचितच भेटतो.

धडा सहावा : सल्ला आणि कॅडी

चेंडू एकदा जरी सरळ गेला तरी नवशिक्याला दुसऱ्यांना शिकवण्याचा अधिकार प्राप्त होतो, अशी समजूत आहे. नियमपुस्तक वेगळं सांगतं. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला सल्ला देणं हा गुन्हा आहे, मागणंही गुन्हा आहे. फटके मोजून खेळत असाल तर दंड दोन फटके. ‘तू आत्ता कोणता क्लब घेतलास?’ एवढं विचारलं तरी लागू होतो. जिथे न मागितलेला सल्ला हाच शिष्टाचार आहे, त्या पुण्यात हा खेळ रुजला याचं श्रेय येरवड्याच्या हवेला द्यावं की पंचांच्या दयेला, हे आम्हाला ठरवता आलेलं नाही.

सल्ला घ्यायचाच तर एकाच माणसाकडून नियमात बसतो : तुमचा कॅडी. (दुहेरीत भागीदारही चालतो, पण त्याचा चेंडू तुमच्या शेजारीच झाडीत असतो.) कॅडी दिवसातून दोन फेऱ्या चालतो, साहेबांचे शेकडो स्विंग बघतो आणि तुमचं निदान त्याने पहिल्या टीवर पिशवी टेकवतानाच केलेलं असतं. तो ते सांगत नाही. ‘साहेब, डोकं वर आलं,’ एवढंच म्हणतो. डोकं कारण नसतं बहुधा, खांदा असतो. पण साहेबांना खांद्याबद्दल बोललेलं आवडत नाही आणि डोकं वर आल्याचा आरोप कोणालाही अपमानास्पद वाटत नाही. वयाने मोठा असेल तर त्याला मामा म्हणा, आणि तो देईल तोच क्लब घ्या.

हे आदराने सांगतो आहोत. दिल्ली गोल्फ क्लबावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने 1991 साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याच्या त्या 1829 सालच्या क्लबात हिरवळ राखायचे. मुलगा तिथेच बघून बघून शिकला आणि त्याने 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेतली. चेंबूरला कोर्सच्या भिंतीपलीकडच्या गल्ल्यांत कॅडीगिरी करणारी पोरं लोखंडी सळई वाकवून तिचा क्लब करतात, प्लॅस्टिकचा चेंडू घेतात आणि गटार, पायरी, पत्रा अशा अडथळ्यांतून खेळतात. गल्ली चार फूट रुंद असेल तर स्लाइस परवडत नाही. 230 यार्ड लांब आणि 40 यार्ड रुंद हिरवळ ही चैन नसलेल्यांना सरळ मारायला कोणी धडे दिले, ते आम्ही विचारलं नाही. आमचे धडे विकायचे होते.

चेंडू हरवला तर कॅडीच्या मागे लागू नका. नियमाने शोधायला तीन मिनिटं मिळतात. 2019 पर्यंत पाच मिळत होती. त्या वेळात सापडला नाही तर एका फटक्याचा दंड घेऊन पुन्हा टीवर परत. सापडला, आणि झाडीतून उचलून कोणीतरी मोकळ्या गवतात ठेवावा तसा सापडला, तर मामांच्या बुटांकडे निरखून पाहू नका.

धडा सातवा : लांबी वाढवण्याची हमखास पद्धत

मे महिन्यात खेळा. दख्खनचा फेअरवे तेव्हा भाजलेला असतो. चेंडू पडला की पन्नास यार्ड पळतो. जुलैत तोच चेंडू पडला तिथे रुतून बसतो, म्हणून जुलैतले आकडे लक्षात ठेवायचे नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, हवा थोडी विरळ, चेंडू मुंबईपेक्षा काही यार्ड जास्त जातो. ते मुंबईकरांना सांगताना पंधरा म्हणावेत. उतार आणि मागून वारा असलेलं एक भोक निवडा, तिथला आयुष्यातला सर्वोत्तम ड्राइव्ह घ्या आणि त्याला ‘माझा नेहमीचा’ म्हणा. शेपर्डने चंद्रावरून आपला चेंडू मैलोन्‌मैल गेल्याचं जाहीर केलं होतं. पुढे छायाचित्रांवरून कोणी तरी मोजलं तर पहिला चेंडू 24 आणि दुसरा 40 यार्ड निघाला. पण मोजायला पन्नास वर्षं लागली. तेवढी सवड तुम्हालाही मिळेल.

ज्यांना लांबीशिवाय झोप लागत नाही त्यांनी अदिती अशोकबद्दल वाचू नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिच्या बरोबरीने खेळणाऱ्या बहुतेकींचे ड्राइव्ह तिच्या पुष्कळ पुढे जाऊन पडत होते. ती पुढे चालत जाऊन शांतपणे पट करायची. चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. आपल्या पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांत खेळला. पटिंगवर धडे लिहावेत असा आग्रह आम्हाला झाला होता, पण 108 मिलिमीटरच्या भोकात चेंडू ढकलण्याचं छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर चांगलं दिसत नाही.

शेवटचा धडा : चेंडू सरळ गेला तर

कधीतरी जातो. त्या क्षणी गोंधळ होऊ नये म्हणून क्रम पाठ करून ठेवा.

आश्चर्य दाखवायचं नाही. चेंडू हवेत असतानाच वाकून टी उचलायची, जणू त्याच्याकडे बघण्याची गरजच नाही. कोणी ‘वा!’ म्हणालं तर ‘जरा टाचेकडे लागला’ असं म्हणायचं. आपण नक्की काय केलं ते आठवायचा प्रयत्न करायचा नाही. आठवत नाही, आणि आठवलेलं चुकीचं असतं.

मग मान वर करून पुढे पाहायचं. पुढे 230 यार्डांवर चौघं जण आहेत. ते तिथे सुरुवातीपासून होते. तुम्ही थांबला नाहीत, कारण गेल्या चार वर्षांत तुमचा चेंडू त्यांच्यापर्यंत कधी पोचलेला नाही आणि पोचलाच तर त्यांच्या उजवीकडे शेजारच्या फेअरवेवरच्यांपर्यंत पोचतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून ते निर्धास्त पाठ करून उभे आहेत. आता छाती भरून ‘फोर!’ असं ओरडा, दोनदा. त्यांतले तिघे डोक्यावर हात घेऊन खाली बसतील. चौथे, पांढरी टोपीवाले, मागे वळून बघत राहतील. ते क्लबच्या कमिटीवर आहेत आणि तुमच्या कायम सभासदत्वाचा अर्ज येत्या शनिवारी त्यांच्यापुढे आहे. पिशवी मामांकडेच राहू द्या आणि चालायला लागा.